मोडीत निघालेले लाकूड आणि बेघरांचा निवारा

इंदूरचे विमानतळ आणि बिजासनची टेकडी मागे टाकून गांधीनगरवरून देपालपूरकडे जो रस्ता जातो, त्यावर हातोद हे तहसिलीचे गाव लागते. आणि गावाच्या अलीकडे, सोयाबीनची काळी जमीन संपून जेथे प्लॉटांच्या हद्दीचे चुना फासलेले दगड सुरू होतात, तेथे गेल्या पौषातील एका पहाटे मी जो निवारा पाहिला, त्याच्या वर्णनाने या विषयास आरंभ करणे मला सोयीचे वाटते. त्याची मागची भिंत म्हणजे कोणा गृहस्थाच्या डबलबेडची उशाकडील फळी होती. तिच्या गुलाबी सनमायकावरील सोनेरी वेलबुट्टी अद्याप शाबूत होती, आणि जेथे पूर्वी चष्मा किंवा औषधाची बाटली ठेवली जात असेल त्या कोनाड्यात आता मिठाची पुडी होती. एक बाजू कपाटाच्या दोन दारांची, त्यांपैकी एकात आरशाची रिकामी चौकट. दुसरी बाजू शाळेतल्या बाकाच्या पाठींची. वर निळी ताडपत्री, आणि ती उडू नये म्हणून तिच्यावर स्कूटरचे दोन टायर. आत मात्र एक वस्तू अखंड होती. पत्र्याचे एक कपाट जमिनीवर उताणे निजवलेले होते, त्यामुळे त्याची दारे पेटीच्या झाकणासारखी वर उघडत, आणि त्या दारांना कुलूप होते. झाबुआकडून मजुरीस आलेल्या त्या कुटुंबातील बाईस मी विचारले, की बाई, थंडीत पोरांना यात निजवता की काय? ती माझ्या अज्ञानास हसली. "पोरं आमच्याजवळच निजतात, बाबूजी. यात पीठ आहे, आधार कारड आहे अन् पोराच्या वह्या आहेत. आम्ही कामाला गेलो की मागं कुत्री येतात, माणसंही येतात." हे ती आपल्या बोलीत बोलली, मराठी माझी. किल्ली तिने काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती.

टाकून दिलेल्या लाकूडसामानातून उघड्यावरच्या माणसास आसरा करून देण्याची कल्पना गेल्या दहा-पंधरा वर्षांत देशोदेशी पुष्कळ वाखाणली गेली आहे, आणि तिच्या छायाचित्रांचा मोह पडावा असाच तो देखावा असतो. नगराचा कचरा कमी होतो आणि निराधाराच्या डोक्यावर छप्पर येते, असा हा दुहेरी लाभाचा हिशेब मांडला जातो. हिशेब खोटा आहे असे मी म्हणत नाही. परंतु त्यात काही रकमा जमेच्या बाजूस दोनदा धरल्या गेल्या आहेत, आणि एक मोठी रक्कम, जी सर्वांत आधी खर्ची पडते, ती खातेवहीत मांडलेलीच नाही. ती रक्कम म्हणजे जमीन.

प्रथम बेघर कोणास म्हणावे हे पाहू. आपल्या जनगणनेने यासाठी जी व्याख्या केली आहे ती कोणा कादंबरीकारास सुचली नसती इतकी तपशीलवार आहे: रस्त्याच्या कडेला, पदपथावर, ह्यूम पाइपात, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या मंडपात अथवा रेल्वेच्या फलाटावर जे राहतात ते. २०११ साली २८ फेब्रुवारीच्या रात्री, म्हणजे गणनेच्या अखेरच्या रात्री, प्रगणक कंदील-बॅटऱ्या घेऊन या लोकांची मोजदाद करीत हिंडले, आणि देशभर १७ लाख ७३ हजार माणसे भरली. त्यांपैकी ९ लाख ३८ हजार शहरांत. महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर, मध्यप्रदेशात १ लाख ४६ हजारांवर. एका रात्रीत झालेली ही मोजणी असल्याने, जो त्या रात्री गाडीत होता, हातगाडीवर पाय दुमडून निजला होता किंवा पोलिसाने नुकताच उठवला होता, तो तीत कितपत आला असेल याचा अदमास ज्याने त्याने करावा. हातोदच्या वाटेवरील ते कुटुंब या व्याख्येत बसेल की नाही, याविषयीही मी साशंक आहे; भिंती तीन होत्या, छप्पर होते, आणि कुलूपही होते.

आता लाकडाकडे वळू. पूर्वी घरातले सामान मोडत असे, टाकले जात नसे. सागवानी पलंगाचा खूर कुजला तर सुतार नवा खूर बसवी, पलंगाचा दिवाण होई, दिवाणाची घडवंची, घडवंचीचा पाट, आणि पाट फुटला तरच तो बंबाखाली जाई. एका लाकडाच्या या साऱ्या योनी एकाच वाड्यात पुऱ्या होत. हा क्रम पार्टिकल बोर्डाने मोडला. लाकडाचा भुसा व चुरा डिंकासारख्या रसायनात, बहुधा युरिया फॉर्मल्डिहाइडच्या राळेत, कालवून तापत्या दाबाखाली त्याची फळी करावयाची आणि वर सागाच्या रंगाचा कागद चिकटवावयाचा, ही युक्ती स्वस्त आहे यात शंका नाही. पण या फळीस पाणी लागले की ती शिळ्या पावासारखी फुगते, आणि एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात दुसऱ्यांदा धरत नाही. भाडेकरू घर बदलतो तेव्हा असे कपाट खोलून पुन्हा जोडण्यापेक्षा ते तेथेच सोडून जाणे त्यास परवडते. इंदुरात मोडक्यातोडक्या सामानास अटाला म्हणतात आणि ते घेणारास अटालेवाला. सागाची फळी त्याच्याकडे हातोहात खपते, लोखंड वजनावर जाते, आणि जे मागे उरते, म्हणजे जे वस्तुतः निवाऱ्यासाठी मिळण्याजोगे असते, ते नेमके हेच फुगणारे, भुगा होणारे सामान असते. परोपकाराच्या वाट्याला नेहमी बाजाराने नाकारलेलेच येते. परदेशी प्रयोगांची छायाचित्रे पाहणाऱ्यांच्या ही गोष्ट ध्यानी येत नाही.

त्या प्रयोगांपैकी सर्वांत गाजलेला कॅलिफोर्नियातील ओकलंडचा. ग्रेगरी क्लोन नावाच्या शिल्पकाराने २०१३-१४च्या सुमारास तेथील रस्त्यांवर चोरून टाकलेल्या सामानातून, म्हणजे माल उतरवण्याच्या लाकडी चौकटी, पलंगाच्या फळ्या, शीतकपाटाची दारे अशा जिनसांतून, चाकांवर चालणारी एकेका माणसापुरती घरे उभी केली. धुलाईयंत्राच्या काचेच्या गोल दाराची त्याने खिडकी केली, हे तर कौतुकास पात्रच आहे. पण या घरांस चाके का लावावी लागली, हा प्रश्न त्या कौतुकात कोणी विचारीत नाही. ज्या घरास चाके आहेत त्यास जागा नाही, असाच त्याचा सरळ अर्थ. लॉस एंजेलिसमध्ये एल्विस समर्स या गृहस्थाने लोकवर्गणीतून अशीच छोटी घरे बांधून वाटली. २०१६च्या फेब्रुवारीत नगराच्या अंमलदारांनी त्यांतील काही पदपथावरील अडथळा म्हणून उचलून जप्त केली. टोरांटोत खलील सिव्हराइट या तरुण सुताराने २०२०च्या हिवाळ्यात, महामारीच्या भयाने निवारागृहांत जाण्यास लोक धजेनात तेव्हा, उष्णता धरून ठेवणाऱ्या लाकडी पेट्या करून उद्यानांत ठेवल्या. पुढील फेब्रुवारीत नगरपालिकेने त्याच्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि आगीच्या धोक्याचे कारण दिले. हे कारण केवळ निमित्तमात्र होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पोकळ लाकडी पेटी, आत निजलेला माणूस, ऊबेसाठी पेटवलेली मेणबत्ती आणि बाहेर पडण्यास एकच दार, यांची सांगड भयंकरच आहे. तथापि तिन्ही कथांत सुताराचे काम फत्ते झाले आणि ते उभे कोठे करावयाचे या ठिकाणी सारे अडले, हे साम्य डोळ्याआड करता येत नाही.

आपत्तीनंतरच्या निवाऱ्याचा प्रकार निराळा. जपानी वास्तुकार शिगेरू बान यांनी १९९५ साली कोबेच्या भूकंपानंतर कागदी नळ्यांच्या भिंती उभारताना खाली बिअरच्या वाळू भरलेल्या क्रेटांचा पाया घातला, आणि २००१च्या भूकंपानंतर भुजला त्याच जातीच्या घरांसाठी पडलेल्या इमारतींचा राडारोडा पायात वापरला. तेथे टाकाऊ वस्तू उपयोगी पडल्या याचे कारण उघड आहे. भूकंपग्रस्ताची जमीन त्याचीच असते. घर पडते, हक्क पडत नाही.

मुंबईच्या पदपथवासीयांनी हे सर्व फार पूर्वी जाणले होते, आणि त्यांनी त्याविषयी जे केले ते मला या साऱ्या आढाव्यात सर्वाधिक मोलाचे वाटते. भायखळ्याच्या पदपथांवरील झोपड्या टाकलेल्या दारांच्या, खोक्यांच्या फळ्यांच्या आणि तेलाच्या डब्यांच्या सपाट केलेल्या पत्र्यांच्याच होत्या. त्यांना टाकाऊतून टिकाऊ शिकवावयास कोणा कलावंताची गरज नव्हती. १९८५च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस प्रकरणी निकाल दिला, की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय, परंतु रीतसर नोटीस देऊन पदपथ मोकळा करण्याची मुभा पालिकेस आहे. त्याच वर्षी स्पार्क या संस्थेने पदपथवासीयांची स्वतंत्र गणना प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर भायखळ्याच्या बायकांतून महिला मिलन ही संघटना उभी राहिली. या बायकांनी पुढे आपल्याला हव्या असलेल्या घराचे पुऱ्या मापाचे नमुने लाकडी चौकटी व कापड यांनी उभारून लोकांपुढे मांडले: मोरी कोठे, चूल कोठे, पोटमाळा किती उंचीवर. म्हणजे तकलादू सामानाचा उपयोग त्यांनी राहण्यासाठी न करता मागणी मांडण्यासाठी केला. मानखुर्दच्या मिलन नगरात त्यांतील अनेकींना शेवटी पक्की घरे मिळाली, त्यास किती वर्षे लागली हे त्याच जाणोत.

इंदूरची गोष्ट सांगितल्याविना मात्र हा विषय अपुरा राहील, कारण टाकाऊ वस्तूंविषयी या शहराइतका विचार हिंदुस्थानात दुसऱ्या कोणत्याही शहराने केला नसेल. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने होळकर दरबारासाठी १९१८ साली इंदूरचा जो अहवाल लिहिला, त्याच्या आधी त्याने प्लेगाविरुद्ध एक दिवाळी साजरी करविली. एका दिवसापुरते महाराजपद मागून घेऊन त्याने मिरवणूक काढली, तीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, आणि शुभ्र वस्त्रे घातलेले, फुले माळलेले सफाई कामगार मानाने चालत होते. त्याच शहराने २०१७ पासून सलग सात वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात पहिला क्रमांक राखला, देवगुराडियाचा वर्षानुवर्षे साचलेला कचऱ्याचा डोंगर सपाट केला, २०२२च्या फेब्रुवारीपासून रोज ५५० टन ओल्या कचऱ्याचा गॅस करण्याचा कारखाना चालविला, आणि विश्राम बागेत भंगार लोखंडातून राममंदिराची प्रतिकृती उभारली. घरोघर कचरा सहा प्रकारांनी वेगळा होतो. आणि याच शहरात, २०२१च्या जानेवारीत २९ तारखेस, कडाक्याच्या थंडीत, काही वृद्ध बेघरांस पालिकेच्या गाडीत घालून देवास रस्त्यावर क्षिप्रा गावापाशी सोडून देण्यात येत असताना गावकऱ्यांनी त्याचे चित्रण केले. गावकऱ्यांनी हरकत घेतली तेव्हा त्या वृद्धांना पुन्हा गाडीत चढविण्यात आले. अधिकारी निलंबित झाले, जिल्हाधिकाऱ्यांनी खजरानाच्या गणपतीपुढे क्षमा मागितली. या प्रकाराने ज्यांची मान खाली गेली त्यांत मीही आहे. त्या चित्रणात गाडीतून माणसांबरोबर त्यांची गाठोडी, चिंध्या आणि मोडकी भांडीही उतरत होती, आणि अटाला कोणता व संसार कोणता हे उतरवणारांस कळत नव्हते.

पुढे २०२५च्या १ जानेवारीपासून येथे भिक्षा देणाऱ्यावरही गुन्हा नोंदण्याचा हुकूम निघाला. भिक्षेकऱ्यांच्या पुनर्वसनाची केंद्राची योजना ज्या दहा शहरांतून आरंभी हाती घेतली गेली त्यांत इंदूर व नागपूर ही दोन्ही आहेत. पुनर्वसन झालेच नाही असे नाही; पण माणूस चौकातून हलला आणि माणसाची सोय झाली या दोन गोष्टींस सरकारी तक्त्यात एकच रकाना असतो, हे दप्तराचे जुने दुखणे आहे.

या पार्श्वभूमीवर निवाऱ्याचा कायदा पाहावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या सुमारास अन्नहक्काच्या खटल्यातून हुकूम केले, की मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक निवारा असावा. २०१३च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने त्यावर नियम बसविला, की लाखामागे किमान १०० माणसांची सोय आणि माणशी ५० चौरस फूट जागा असावी, पाणी, शौचकूप, आगीपासून बंदोबस्त, डास-ढेकणांचा नायनाट आणि पांघरुणांची धुलाई यांचीही तजवीज असावी. आता ओकलंडची पेटी या मापाने मोजून पाहावी, म्हणजे प्रश्न मिटतो. मालव्याची रात्र उन्हाळ्यात सुखद म्हणून फारसीत व उर्दूत शब-ए-मालवा असे तिचे गुणगान झाले, पण पौष-माघात तीच रात्र पाच-सहा अंशांवर येते. अशा रात्री पत्र्याच्या पेटीस आतून पाणी सुटते, आणि वैशाखात तिला हात लावता येत नाही. गादीच्या खुर्च्या व सोफे यांतून ढेकूण येतात. पूर्वी बाजेस उकळते पाणी घालून उन्हात टाकीत, तो उपाय स्पंजास चालत नाही. आणि हिवाळ्यात उघड्यावरचा माणूस फळी पाहिली की तिची भिंत करण्याआधी तिची शेकोटी करतो, हे कोणीही चौकात जाऊन पाहावे. राळेच्या फळीचा धूर डोळ्यांस व छातीस किती झोंबतो हेही त्यास तेथेच कळेल.

अहिल्याबाईंनी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या त्या दौलतीच्या पैशांतून न बांधता खासगीतून बांधल्या, हा भेद आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असे, आणि १९६२ साली स्थापन झालेला खासगी ट्रस्ट आजही इंदुरात त्याच नावाने आहे. धर्मशाळेची मूळ कल्पना विचारात घेण्याजोगी आहे: भिंती, ओसरी, विहीर आणि कोनाडे दात्याचे, अंथरूण वाटसरूचे. गाडगेबाबांनी तीच परंपरा दुसऱ्या टोकाने चालविली. अंगावर लोकांनी टाकलेल्या चिंध्या, हातात फुटके गाडगे आणि खराटा, असा हा पुरुष. टाकाऊ वस्तू वापरण्याचा अधिकार महाराष्ट्रात कोणास असेल तर त्यांना होता. पण पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी गोरगरिबांसाठी ज्या धर्मशाळा बांधविल्या त्या चिंध्यांच्या नव्हत्या, दगडाविटांच्या होत्या. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही कर्करुग्ण व त्यांच्या आप्तांच्या उपयोगी पडते. स्वतःसाठी फुटके आणि दुसऱ्यासाठी धड, हा त्यांचा हिशेब आजच्या टाकाऊप्रेमी मंडळींनी एकदा तपासून पाहावा.

तेव्हा मोडक्या सामानाचे करावे काय? माझे मत असे, की त्याच्या भिंती करू नयेत. भिंती पालिकेने विटांच्या बांधाव्यात, तिची ती जबाबदारी आहे. सामानाची जागा भिंतींच्या आत आहे. बेघर माणूस निवाऱ्यात जाण्यास का-कू करतो, याची कारणे पुष्कळ सांगितली जातात, शिस्तीचा कंटाळा, व्यसन, कुटुंबाची ताटातूट. पण ज्याने चार रात्री तेथे काढल्या त्यास विचारले तर तो बहुधा चोरी हे कारण सांगतो. चप्पल उशाखाली घेऊन, कागदपत्रे कमरेस बांधून जो निजतो, त्यास माथ्यावरील छपराहून एका कुलपाच्या खणाची उणीव अधिक जाणवते. आणि कपाट, बाक, टेबल यांतून खण फार सहज निघतात. पुण्यात कचरावेचकांच्या स्वच्छ या सहकारी संस्थेने जुने फर्निचर व घरातला मोठा कचरा गोळा करण्याची सोय चालविली आहे. शहराशहरांतून २०२३ पासून जुन्या वस्तू स्वीकारण्याची केंद्रे निघाली, त्यांत कपडे, पुस्तके, खेळणी येतात. पण खरा साठा सरकारी कचेऱ्यांत आहे. कोणत्याही शाळेच्या गच्चीवर, तहसिलीच्या जिन्याखाली, दवाखान्याच्या मागे तिपायी खुर्च्या, पाठ नसलेले बाक आणि खण अडकलेली टेबले वर्षानुवर्षे पाऊस खात पडलेली दिसतात, कारण महाराष्ट्राच्या दप्तरी ज्यास निर्लेखन आणि मध्यप्रदेशाच्या दप्तरी ज्यास अपलेखन म्हणतात, तो संस्कार झाल्यावाचून जडवस्तू संग्रहाच्या नोंदवहीतून त्यांची सुटका नाही. हे सामान बहुधा जुन्या सागाचे वा जाड पत्र्याचे असते, भुशाचे नसते. लिलावात त्याचे जे चार पैसे येतात ते सोडून देऊन, समितीच्या एका सहीने ते निवाऱ्यांकडे वळविता येण्यास कोणता कायदा आडवा येतो, ते मला अद्याप कोणी दाखविलेले नाही.

एवढे मत बनवून मी परत येताना हातोदच्या बाजारात एका वृद्ध सुताराच्या दुकानी थांबलो. दुरुस्तीस आलेला शाळेचा एक बाक त्याच्यासमोर होता. त्याने नखाने रंग खरवडला, आतला पिवळा साग दाखविला, आणि तळव्याने फळी चाचपीत म्हणाला, की असले दोन बाक द्याल तर चार खणांची उभी पेटी होईल. बिजागरे जुनीच चालतील, पण पाठीला नवे प्लाय लागेल. मी त्यास निवाऱ्याची हकीगत सांगितली. तो रंधा बाजूस ठेवून थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "खण मी करून देईन, बाबूजी. पण कुलपाबरोबर किल्ल्या दोन येतात. एक त्या माणसाकडे गेली. दुसरी कुणापाशी ठेवणार?"